कंबर, घोटा, तळवा

९ सप्टेंबर

अक्काला सांगितलं, अर्धं ठेवलं. खोटं सांगितलं.

सगळं आणलं. एक कंद मागे ठेवला नाही. उंदरानं बीळ काय सुरेख भरलं होतं — सरानाचे, म्हणजे रानलिलीचे, पांढरे कंद एका कोपऱ्यात, गाठीगाठींची तपकिरी मुळं दुसऱ्या, सगळं पुसून ठेवल्यासारखं स्वच्छ. आपण निम्मं घ्यायचं, निम्मं त्याच्या हिवाळ्याला ठेवायचं. बदल्यात काहीतरी वर ठेवायचं, गवताचं ढेकूळ परत बसवायचं आणि निघायचं. पोरवयापासून हेच करत आलो. आज खिशात माशाच्या वाळल्या अंड्यांची, गाबोळीची पुरचुंडीसुद्धा होती, निळ्या चौकड्यांच्या फडक्यात बांधलेली. पण मागे वळलो तर अस्वलाची विष्ठा. वाफ निघत होती. मग हात माझे राहिले नाहीत. होतं ते पिशवीत ओतलं आणि उतार धरला. पुरचुंडी खिशातच.

अक्कानं पिशवी हातावर तोलली. "बरीच आहेत की."

"उंदीर मोठा होता," मी म्हणालो.

"काय ठेवलंस त्याला?"

"गाबोळी."

"हं," म्हणाली आणि चुलीकडे वळली.

तिचं ते 'हं' मला लहानपणापासून आवडत नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तेव्हापासून ऐकतोय.

१० सप्टेंबर

गुडघा दुखतो. उतारावर धावलो त्याचं फळ.

सकाळपासून तेच डोक्यात. भरलेलं बीळ रिकामं दिसलं की उंदीर जगत नाही. वाळुंजाच्या फांदीचं बेचकं बघतो, त्यात मान अडकवतो आणि लोंबकळतो. आईनं सांगितलेलं. मग त्याचा हिवाळा आपल्या घरात येतो, असंही म्हणायची. म्हणजे काय ते सांगायची नाही. आमच्यापैकी एकेकाच्या तोंडाकडे बघायची फक्त.

परत जाऊन ठेवून यावं. पण अस्वल आहे. आणि माझी होडी गळते. आणि मी एकटा वर का चाललो हे अक्काला काय सांगू?

जागा मात्र पक्की लक्षात आहे. आईला झाडांची नावं ठाऊक होती, पण आम्हा पोरांना ती नावानं वाट सांगत नसे. अंगानं सांगायची. नदी ओलांडली की डोकंबुडी — तिथलं गवत माणसाच्या डोक्यावर जातं, एकमेकांना हाका मारत चालायचं. मग खांदा — दगडी भूर्ज, त्याच्या वाकड्या फांद्या खांद्याला लागतात. त्याच्या वर कंबर — आल्डर आणि आडवा पाइन, कमरेएवढं जाळं, पाऊल टाकायची मारामार. मग घोटा — काळबोरं, लालबोरं, जमिनीलगतची झुडपं, मऊ. शेवटी तळवा — पांढरं दगडफूल आणि खडी, वर मोकळं आभाळ. अजून आमच्याकडची जुनी माणसं असंच बोलतात. आमचं आईच्या वेळेपासूनचं बीळ कंबर संपते तिथं, घोट्याला लागून, लाल घोसांच्या रोवनच्या झुडपाखाली.

आंधळासुद्धा शोधील.

१२ सप्टेंबर

दिवसभर खाली जाळ्यावर. मासा कमी, चिखल जास्त. शेजारचा लावरेंती, आमचा लावर, येतो म्हणाला होता, आलाच नाही. त्याच्या वाटणीचा दोर मी ओढला. गुडघा आता भोपळ्यासारखा झालाय.

घरी आलो तर चूल थंड. अक्का नाही. घाबरलो. पार कुंपणापर्यंत हाका मारल्या. दिवस मावळता मावळता आली, हळूहळू, भिंतीला हात लावत.

"कुठं होतीस?"

"झोयाकडे."

झोया म्हणजे आमच्या दवाखान्यातली नर्स. दवाखाना चार घरं सोडून आहे. तेवढ्यात बूट कसे भिजले? आणि शालीला डिंक, काळा, चिकट, पाइनचा. धुतला तरी जात नाही तो. शाल मी शहरातून आणलेली. बोललो तिला. म्हणाली, "झोयाच्या लाकडांना असेल. टेकून बसले होते."

मग न जेवता पडून राहिली. म्हणे भूक नाही.

१३ सप्टेंबर

पिशवी हलकी झाली!

खुंटीवर दोन्ही हातांनी टांगली होती. आज एका बोटानं निघाली. ओतून बघितलं. निम्मी गेली. आणि कोटाच्या खिशातली गाबोळी फडक्यासकट गायब. गाबोळी कुत्र्यानं खाल्ली असेल. पण कुत्रा कंद नेत नाही.

काल मी जाळ्यावर, अक्का झोयाकडे, घर उघडं. आणि लावर गावात. जाळ्यावर येतो म्हणाला आणि आला नाही. अक्काला म्हटलं, दोन अधिक दोन किती होतात? ती म्हणाली, "तू शाळा पाचवीत सोडलीस निक्या, राहू दे."

तरी कुंपणापाशी गेलो. लावर अंगणात वाकून चालत होता, एक हात कमरेवर.

"काय झालं?"

"कंबर धरली."

"काय उचललंस एवढं?"

तो थांबला. "का रे?"

"माझे कंद उचललेस की काय, म्हणून विचारतो."

त्यानं दुसरा हात कुंपणावर टेकला. मग म्हणाला, "तुझे कंद मी तोंडात घालीन? तू हात तरी धुतोस का ते काढताना?"

"मग काल जाळ्यावर का आला नाहीस?"

"काम होतं."

"कसलं काम?"

"कमरेचं," म्हणाला आणि हसला. हसता हसता कळ आली त्याला, तोंड वाकडं झालं. बरं झालं म्हटलं मनात.

अक्कानं खिडकीतून ऐकलं असावं. आत गेलो तर म्हणाली, "त्याला कशाला बोललास? कंद काय सोन्याचे आहेत?"

आता त्याच्याशी बोलणं बंद.

१५ सप्टेंबर

अक्का माझा केसाळ बूट शिवायला बसली आणि अंगुस्ताना सापडेना. आईचा, हाडाचा. आईच्या आधी तिच्या आईचा. मी सुईचा डबा पालथा केला, फळ्यांच्या फटीत काडी घालून बघितलं. अक्का नुसती बसून.

"पडला असेल कुठंतरी."

"कुठंतरी म्हणजे कुठं? घरात की बाहेर?"

"निक्या, माझं डोकं उठवू नकोस."

उघड्या बोटानं शिवत राहिली. रक्त आलं. बोट चोखलं आणि पुन्हा शिवू लागली. एवढा जुना जिन्नस हरवला आणि ती शांत कशी? मला तर पाणी गोड लागेना. लावरचं काय काम अंगुस्तान्याशी, हेही मनात आलं. लिहायला नको होतं, पण आलं.

१८ सप्टेंबर

अक्काचं पोट दुखतंय. सकाळी म्हणाली वारा धरला असेल. दुपारी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली, गुडघे पोटाशी. उलटी झाली. हिरवी.

झोया आली. पोट दाबून बघितलं. अक्का ओरडत नाही कधी, आज शालीचा कोपरा दातात धरला. झोया मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, "काका, आतड्याला पीळ पडलाय असं वाटतं. आत गाठही लागते. पुष्कळ दिवसांची असणार. इथं काही होणार नाही. शहरात न्यायला हवं."

पुष्कळ दिवसांची. मग बोलली का नाही?

हेलिकॉप्टर मागवलंय.

१९ सप्टेंबर

नदीवर पाणी आणायला गेलो. वाळुंजाच्या बेचक्यात उंदीर.

मान आत, अंग बाहेर. पाय लोंबलेले. बादली तिथंच टाकली.

झोयाला सांगितलं. म्हणाली, "खाटीक पक्ष्याचं काम ते. मारतो आणि फांदीत अडकवून ठेवतो, नंतर खायला. दर वर्षी दिसतात, काका."

दर वर्षी दिसत असतील. पण दर वर्षी मी बीळ रिकामं करून येत नाही. आणि दर वर्षी अक्का आजारी नसते.

बीळ रिकामं केल्याचं सांगितलं नाही कुणाला. अक्काला तर नाहीच.

२० सप्टेंबर

धुकं. हेलिकॉप्टर नाही.

२१ सप्टेंबर

धुकं. समुद्राकडून येतं आणि खांद्याशी अडकतं. वरची कंबर, घोटा उन्हात चकाकत असेल आणि आम्ही खाली आंधळे. झोयानं सुई दिली, कळ थोडी कमी. अक्का पाणी मागते, पाणी द्यायचं नाही म्हणे. ओठांना ओलं फडकं लावायचं. लावलं. फडकं चोखून घेतलं तिनं, लहान मुलासारखं.

२३ सप्टेंबर

सकाळी धुकं फाटलं. आलं एकदाचं.

स्ट्रेचर उचलायला चौघं लागले. त्यात लावर आला, न बोलावता. वाकून चालतो तरी पुढचा दांडा त्यानंच धरला. मी मागचा धरला. पंख्याच्या वाऱ्यानं अंगणातली राख सगळ्यांच्या डोळ्यांत. अक्कानं मला जवळ बोलावलं. वाटलं काही महत्त्वाचं सांगेल.

"राख काढत जा," म्हणाली. "साठवून ठेवतोस आणि मग चूल धुमसते."

"काढतो."

"आणि लावरशी बोल. चहा दे त्याला."

"चोराला?"

तिनं डोळे मिटले. दार लावलं. मी काय शब्द बोललो तिच्याशी शेवटी — 'चोराला'. शेवटी म्हणजे आजच्यापुरतं शेवटी. शेवटी असं लिहायला नको होतं.

२५ सप्टेंबर

बातमी नाही. शहरात आमची भाची रिम्मा आहे, ती दवाखान्यात फोन करणार. मी झोयाच्या दारात बसून असतो. ती म्हणते, "काका, तुमच्याकडे बघून फोन लाजतो. घरी जा. मी हाक मारीन."

उरलेले कंद शिजवावेत म्हणून पातेलं ठेवलं. पाणी उकळलं आणि हात पुढे जाईना. परत पिशवीत भरले. हे माझे नाहीतच. ते नेऊन ठेवायचे. बीळ रिकामं असलं, उंदीर मेलेला असला तरी ठेवायचे. दुसरा कुणी राहायला येईल.

२७ सप्टेंबर

काल कडक हिव पडलं. आज होडी काढली. डांबर लावलं होतं तरी नदीच्या मध्यावर पाणी घोट्यापर्यंत. एका हातानं वल्हं, एका हातानं डबा. निम्म्यातून परतलो. काठावर लावर उभा होता, त्याची होडी उलटी करून घासत. कोरडी, चांगली, मोठी. माझ्याकडे बघितलं. मी मान फिरवली.

३० सप्टेंबर

रिम्माचा फोन. ऑपरेशन झालं. आतड्याचा तुकडा काढला. गाठही. ताप चढलाय, अक्का कुणाला ओळखत नाही. "मामा, वाट बघायची," म्हणाली. रडत होती की खोकत होती कळलं नाही. फोन मधेच तुटला.

वाट बघायची. हे मला कसं येणार? मी उभ्या जन्मात कधी शांतपणे वाट बघितली नाही. अक्काच बघायची, दोघांच्या वाटणीची.

२ ऑक्टोबर

वर बर्फ पडलं, खाली पाऊस. तरी गेलो. पाणी ओलांडलं, होडी काठाला लागली तेव्हा बसायची फळीसुद्धा भिजली होती.

डोकंबुडी उरलीच नाही. हिवानं सगळं गवत मोडून जमिनीला टेकलंय, काळं, कुजकं, पायाखाली फसफसणारं. जिथं हाका मारत जायचं तिथं पार डोंगरापर्यंत उघडं. अंगावरचं पांघरूण कुणीतरी ओढून नेल्यासारखं. हाका मारायची गरज नव्हती, तरी मी मारल्या. अस्वलासाठी. खांद्यात भूर्ज नागडे. त्यांच्या साली फडफडत होत्या, मला वाटायचं मागून कुणी येतंय.

मग कंबर. कमरेएवढं जाळं, फांद्या कोटात अडकतात, बर्फ मानेत पडतं. जाळं संपलं तिथं थांबलो. वर सगळं पांढरं, सपाट, घोटाभर. म्हणजे इथंच. घोट्याला लागून. पण रोवन कुठं? लाल घोस बर्फात लांबून दिसायला हवेत. कडेकडेनं पार ओढ्यापर्यंत गेलो, परत आलो. झुडूप नाही. जागा तीच, जागेवर काही नाही. मी वेडा झालो की काय असं वाटलं. जाळ्याच्या कडेला ओणवा होऊन हातांनी बर्फ उकरला. खाली नुसता आल्डरचा पाला.

पिशवी घेऊन परत आलो. उतरताना एकदा खाली बसलो आणि उठावंसं वाटेना. मग अक्का ओरडल्यासारखं झालं, उठलो.

३ ऑक्टोबर

रिम्मा: ताप तसाच.

४ ऑक्टोबर

लावरकडे गेलो. दारातच म्हटलं, "होडी पाहिजे."

"कशाला?"

"पलीकडे जायचंय. वर."

"चोराच्या होडीत बसशील? खिसे सांभाळ हं." मग माझं तोंड बघून दारातून बाजूला झाला. "आत ये. बस. बूट काढ, जमीन पुसलीय."

चहा दिला. मग मी सांगितलं. अस्वलाचं, रिकाम्या बिळाचं, गाबोळीचं. उंदराचं, वाळुंजातल्या. हे पहिल्यांदाच कुणा माणसाला सांगितलं. तो बशीत फुंकर मारत ऐकत होता. हसेल असं वाटलं होतं. हसला नाही.

"अक्काला सांगितलंस?"

"नाही. अर्धं ठेवलं म्हणालो."

"आणि तिचा विश्वास बसला असं वाटतं तुला?"

"न बसायला काय झालं?"

त्यानं बशी खाली ठेवली. "निकिफोर, तू खोटं बोललास की तुझे कान लाल होतात. आख्ख्या गावाला माहीत आहे. उद्या सकाळी ये. भाकरी जास्त घे, मला भूक लागते वर."

"तुझी कंबर?"

"येईल ती पण."

५ ऑक्टोबर

हे नीट लिहायचंय. 

नदी झाली, गवत झालं, भूर्ज झाले. लावर वाकलेला, काठी टेकत, पण माझ्यापुढे. मी म्हटलं त्या दिवशी इथवर आलो होतो. जाळं संपलं तिथं थांबून दाखवलं.

"ही कंबर," म्हणालो. "आणि हा पुढे घोटा. रोवन नाही."

लावरनं जाळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "हे काय आहे?"

"कंबर."

"झाड कुठलं?"

"आल्डर."

"आणि पाइन कुठं आहे?"

मी जाळ्यात डोकावलो.

त्यानं पुढच्या पांढऱ्या सपाटीवर काठी मारली. बर्फ उडालं. खाली पाइन. हिरवाकाळा, फांद्या पसरून जमिनीला चिकटलेला. सगळीकडे तोच, वर पार लांबपर्यंत.

"हिवाळ्याची चाहूल लागली की हा झोपतो, हे तुला मी सांगायचं? या वयात?" तो म्हणाला. "निम्मी कंबर उभी, निम्मी झोपली. तू उभी होती तेवढी बघितलीस आणि परत गेलास. घोट्यात उभा आहे असं वाटलं तुला, आणि तू कमरेच्या मध्यावर होतास, म्हाताऱ्या. अजून तेवढंच वर जायचंय."

किती पानझडी बघितल्या मी. पाइन झोपला की जळण आत घ्यायचं, हे मीच पोरांना सांगत आलो. आणि जेव्हा हवं तेव्हा आठवलं नाही.

लावर इकडेतिकडे न बघता सरळ वर गेला, एका घळीला वळसा घालून, आणि थांबला. समोर रोवन. घोस पाखरांनी निम्मे खाल्लेले. मला वाटलं नशीब.

ढेकूळ सहज निघालं. हाताला लागलं ते भरलेलं.

बीळ भरलेलं होतं. सरानाचे पांढरे कंद, निम्मे, एका कोपऱ्यात. आणि त्यांच्या शेजारी नवी मुळं, गाठीगाठींची, ताजी कुरतडलेली, अजून ओली. उंदीर जिवंत आहे. कामाला लागलाय. मी मोठ्यानं बोललो बहुतेक, लावरनं वळून बघितलं.

मग कडेला निळ्या चौकड्यांचं फडकं. कोपरे कुरतडलेले, गाबोळी संपलेली. आणि फडक्यावर आईचा अंगुस्ताना.

मला कळायला वेळ लागला. मी मंद आहे, अक्का म्हणते ते खोटं नाही. ती शाल. तो डिंक. ते भिजलेले बूट. मी जाळ्यावर होतो तो दिवस. माझ्या खिशातून पुरचुंडी काढली, पिशवीतून निम्मे कंद काढले, आणि आली इथं. पोटात ती गाठ घेऊन. डोकंबुडीतून, तेव्हा गवत उभं होतं. जाळ्यातून. गाबोळी पुरे होती, पण तिनं अंगुस्ताना ठेवला. माझ्या खोट्याबद्दल जास्तीचं. आणि आठवडा झाला नाही तोवर पोट धरून आडवी झाली. कशानं पडला तो पीळ? ह्या चढानं.

"लावर," मी म्हटलं, "ती एकटी चढली इथं."

त्याची पाठ माझ्याकडे होती. खाली नदीकडे बघत होता. "हं," म्हणाला.

"आजारी असून."

"हं."

"माझ्यापायी."

त्यानं बाहीला नाक पुसलं. मग म्हणाला, "काय ठेवायचं ते ठेव आणि चल. बर्फ येतंय."

उरलेले सगळे कंद ठेवले. गाबोळीही ठेवली, मोठा तुकडा. अंगुस्तान्याला हात लावला नाही. ढेकूळ बसवलं, कडा दाबल्या.

होडीत बसल्यावर म्हटलं, "कंद तू घेतले नव्हतेस. माफ कर."

"नव्हते घेतले."

"आता कळलं मला."

"बरं."

"बरं एवढंच?"

"मग काय नाचू? होडी उलटेल."

६ ऑक्टोबर

दवाखान्यातला फोन बंद. वाऱ्यानं तार पडली.

उंदराचं देणं ती देऊन गेली होती. म्हणजे लोंबकळत होता तो आपला नव्हता, खाटकाचाच. इतके दिवस नको त्या गोष्टीला घाबरलो. घाबरायला हवं होतं ते तिच्या त्या 'हं'ला. तिला कळलं होतं. मी तेव्हाच खरं बोललो असतो तर मीच परत गेलो असतो, अस्वल असो की काही असो. ती चुलीपाशी बसली असती.

बूट पुरा शिवून गेली आहे. टाक्यांपाशी तांबडे ठिपके आहेत. पायात घालवत नाही.

७ ऑक्टोबर

तार अजून नाही. राख काढली.

८ ऑक्टोबर

राख काढली. थोडीच होती, तरी काढली. लावर चहाला आला. दोन बश्या प्यायला. जाताना म्हणाला, "तू फार विचार करतोस." मी म्हटलं, तू कुणाला चढवलं नाहीस डोंगरावर मरायला, तुला काय. तो टोपी हातात फिरवत उभा राहिला, काही म्हणणार असं वाटलं. मग गेला.

९ ऑक्टोबर

तार जोडली. झोयाची हाक आली, एक बूट घालून पळालो. अक्का, स्वतः. आवाज धाग्याएवढा, पण तिचाच.

"राख काढतोस?"

"काढतो."

"लावरशी बोललास?"

"बोललो. माफी मागितली. कंदांची."

तिनं दम घेतला. इतका वेळ घेतला की मला वाटलं तार पुन्हा तुटली.

"कंदांची कशाला? कमरेची माग," म्हणाली. "नदीपासून रोवनपर्यंत पाठुंगळी नेलं रे त्यानं मला. एक पाऊल चालू दिलं नाही. मीच म्हटलं होतं, निक्याला सांगू नकोस."

मागे वळलो. लावर दारात उभा होता, वाकलेला, छताकडे बघत.